दगडाचे भय

माळवद म्हणजे काय, हे आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांवर लाकडी छत आणि छतावर पांढऱ्या मातीचा थर. असे घर उन्हाळ्यात गार राहते. पावसाळ्यात गळू लागले की वर आणखी माती टाकावयाची. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या मनात एक समजूत नकळत रुजते, ती अशी की, भिंत जितकी जाड तितके घर बळकट. ही समजूत त्याला कोणी गुरू शिकवीत नाही, घरच शिकविते. आपण ज्या साधनांत वावरतो ती आपल्या विचारालाही वळण लावीत असतात, ते असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, ही समजूत कोसळली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते निजले होते. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्याकडील, आज लोहारा तालुक्यात असलेले, सास्तूर अशी गावे जमीनदोस्त केली. हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. ज्यांची घरे उभी राहिली तेही कित्येक दिवस उघड्यावर निजत. काल जो दगड राखणदार होता, तो आज वैरी ठरला.

मन असे का पालटते? ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक गोष्ट दाखवून दिली. एखादी घटना किती संभवनीय आहे हे ठरविताना आपण हिशेब मांडीत नाही. तिचे उदाहरण किती चटकन आठवते, एवढेच पाहतो. ढिगाऱ्यातून आप्तांना ज्याने उपसून काढले, त्याला दगडाची भिंत दिसताच तीच पहाट आठवणार. त्याचे भय खोटे नव्हे. परंतु भय धोक्याची सूचना देते, धोक्याचे कारण सांगत नाही.

कारण शोधावयाचे तर भिंतीच्या आत पाहिले पाहिजे. ह्या भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन पदर असत आणि त्यांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. चुन्याऐवजी माती असल्याने धक्का बसताच पदर सुटले. वर भार केवढा? दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. तिचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते. गळती थांबविण्यासाठी टाकलेली प्रत्येक पाटी हा भार वाढवीत होती. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता.

म्हणूनच छतावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार दगड बसवावेत, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवावा, असे उपाय अभियंत्यांनी सुचविले. परंतु अनेक कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी विटा-सिमेंटची नवी खोली बांधणे पसंत केले. दगडावरून उडालेला विश्वास सिमेंटवर जाऊन बसला, आणि तोही पूर्वीसारखाच न तपासता! २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अहमदाबादेतील काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या, हे आपण विसरता कामा नये.

आम्ही दगडाची वकिली करावयास उभे नाही. आमचे मागणे एवढेच, की घर बांधताना गवंड्याला ‘दगड की वीट?’ एवढेच विचारून थांबू नये. भिंतीचे पदर सांधले आहेत काय, चारी भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा आहे काय आणि डोक्यावर भार किती आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. भूकंपाचा दिवस कोणालाही आधी सांगता येत नाही. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आजच मिळू शकतात.