पटलावरील अहवाल आणि दूरचा वाचक

‘प्रसिद्ध’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. जे लोकांपुढे मांडले गेले ते प्रसिद्ध, आणि जे लोकांस ठाऊक झाले तेही प्रसिद्धच. शासनव्यवहारात मात्र या दोन अर्थांत मोठे अंतर पडू शकते. शस्त्रास्त्रांविषयीच्या माहितीत ते पडलेही.

संविधानाच्या अनुच्छेद १५१ अन्वये नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. भूसेना व आयुध निर्माणी यांवरील २०१७ चा अहवाल पटलावर आला, तसाच संकेतस्थळावरही आला. दारुगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा युद्धप्रसंगी दहा दिवसही पुरणारा नव्हता, हे त्यातूनच सर्वांस कळले. पुढे मात्र संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर ठेवणे थांबले. परदेशांच्या राजधान्यांत बसून ते सहज वाचता येऊ नयेत यासाठी हे हेतुपुरस्सर केल्याचे तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षि यांनी २०२० मध्ये सांगितले.

हेतू समजण्याजोगा आहे. युक्तिवाद मात्र लंगडा आहे. पटलावर आलेला अहवाल वृत्तपत्रांस मिळतो आणि दिल्लीतील परकीय वकिलातींसही मिळवता येतो. अडतो तो जळगाव वा धुळे येथील वाचक. वस्तुतः या विषयाशी त्याचा संबंध निकटचा आहे. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. ‘काडतूस’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. ती वस्तू मात्र वरणगावात तयार होते. तेथे राबणाऱ्या कामगारास, किंवा ज्याचा मुलगा सीमेवर आहे अशा शेतकऱ्यास, साठा का अपुरा पडला हे मूळ अहवालातून वाचता येऊ नये, हे विपरीत होय.

शस्त्राची रचना, कोठाराचे ठिकाण, सैन्याची योजना या गोष्टी गुप्तच राहाव्यात, याविषयी वाद नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ८(१)(क) देशाच्या सुरक्षिततेस बाध आणणारी माहिती राखून ठेवतेच. त्याच कलमाची पोटकलम (२) मात्र असेही सांगते की, प्रकटनातील लोकहित संभाव्य हानीहून अधिक असेल, तर १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमातील काहीही असले तरी माहिती देता येते. हा तोल अप्रकट माहितीसाठी आहे. लोकप्रतिनिधींच्या हाती उघडपणे दिलेल्या कागदास तो लावण्याचे प्रयोजनच उरत नाही. संकेतस्थळ नकोच असेल, तर छापील प्रत निदान प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात ठेवावी लागेल. आणि तेथून तिची नक्कल काढण्यास कोणासही मनाई करता येणार नाही.