एका अर्जाने बंद पडणारी खिडकी

सरकारी रुग्णालयातील केसपेपरची खिडकी दोन प्रकारे बंद पडू शकते. पहिला प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे. सोमवारी सकाळी चारशे माणसांची रांग लागते, आतला कर्मचारी मान वर न करता काम करत असतो, तरी ज्याला खरोखर दम लागला आहे त्याचा नंबर बारा वाजले तरी येत नाही. दुसरा प्रकार क्वचित घडतो. एकच माणूस येतो आणि इतका विचित्र भरलेला अर्ज आत सरकवतो की कर्मचारी त्यातच अडकून बसतो. तो घ्यावा कसा आणि परत करावा कसा, यासाठी नियमच नसतो. खिडकी बंद. दोन्ही वेळा कोणाचे पाकीट मारलेले नसते, कपाटातली फाइल पळवलेली नसते. भोगतो तो मागे उभा असलेला रुग्ण.

संगणकाच्या जगात याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात, म्हणजे सेवा अडवणे. बातम्यांत येतो तो बहुधा गर्दीचा प्रकार : हजारो संगणक एकाच वेळी एखाद्या वेबसाइटवर तुटून पडतात. दुसरा प्रकार अधिक कपटी आहे. त्याला गर्दी लागत नाही. संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच एखादी चूक राहून गेलेली असते आणि नेमका तो विचित्र अर्ज आला की सिस्टीम कोलमडते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९६ च्या सुमाराचे आहे. ‘पिंग’ हा एका संगणकाने दुसऱ्याला पाठवलेला साधा निरोप असतो : आहेस का? असा निरोप इंटरनेटच्या नियमाप्रमाणे ६५,५३५ बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही. पण मोठे निरोप तुकडे करून पाठवले जातात आणि घेणारा ते जोडतो. कोणीतरी असे तुकडे पाठवले की जोडल्यावर बेरीज मर्यादेच्या पुढे गेली. घेणाऱ्या सिस्टीमने जागा राखली होती मर्यादेपुरतीच. जास्तीचा मजकूर शेजारच्या स्मृतीत सांडला आणि संगणक गोठला किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अनेक कंपन्यांच्या सिस्टीम एकाच चुकीच्या बळी ठरल्या. ‘पिंग ऑफ डेथ’ हे नाव तेव्हाचे. उपाय किरकोळ होता : जोडण्याआधी बेरीज तपासा. दुरुस्तीचा हा छोटा तुकडा म्हणजेच ‘पॅच’, आपल्या भाषेत ठिगळ.

कचेरीतला संगणक गोठला तर माणूस चहा पिऊन येतो. अतिदक्षता विभागात तसे नसते. तिथे खाटेभोवतीचा मॉनिटर, औषध थेंबाथेंबाने सोडणारा इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटर हे सगळे आतून संगणकच असतात. त्यांत वेळ काटेकोर पाळणाऱ्या खास ऑपरेटिंग सिस्टीम असतात. ‘व्हीएक्सवर्क्स’ ही त्यांतली एक. मंगळावरची ‘क्युरिऑसिटी’ गाडी तिच्यावरच चालते. जुलै २०१९ मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी व्हीएक्सवर्क्सच्या नेटवर्क भागात ११ दोष सापडल्याचे जाहीर केले. त्यांतले सहा इतके गंभीर होते की दुरूनच यंत्राचा ताबा घेता यावा. उरलेल्यांत नुसते यंत्र पाडणारेही होते. निरोपावर ‘तातडीचे’ अशी खूण करण्याची एक जुनी, फारशी न वापरली जाणारी सोय आहे. ती खूण वाचण्यातच अनेक चुका होत्या, म्हणून या संचाचे नाव पडले ‘अर्जंट इलेव्हन’.

सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने पॅच दिला. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण दोषी भाग मुळात दुसऱ्याच एका कंपनीने लिहिलेला होता. त्या कंपनीने तो आधी इतरांनाही वापरायला दिला होता, पुढे ती विकली गेली, आणि ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या यंत्रांत तो तसाच राहिला. कित्येक उत्पादकांना आपल्या यंत्रात तो आहे हेच ठाऊक नव्हते. १ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्ण, डॉक्टर आणि उत्पादक या सर्वांना सावध केले. या दोषामुळे रुग्णाला इजा झाल्याची पक्की नोंद तोवर नव्हती, हेही प्रशासनाने सांगितले.

वर्षभराने, नोव्हेंबर २०२० मध्ये, एका इन्फ्युजन पंपातील वेगळा दोष जाहीर झाला. त्याचा फायदा घेऊन पंपाचा वायरलेस संपर्क तोडता येत होता. इथे त्या पंपाच्या रचनेला दाद द्यायला हवी : संपर्क तुटला तरी औषध आधी ठरवलेल्या वेगाने चालूच राहते. पण संगणकावरून आपोआप येणारी मात्रा आणि औषधांची अद्ययावत यादी बंद होते, आणि नर्सला आकडे हाताने भरावे लागतात. रात्री तीन वाजता, बारा खाटांना दोन नर्स असताना, दशांश चिन्ह एक घर सरकणे म्हणजे काय हे वॉर्डात काम केलेल्याला सांगावे लागत नाही.

मग ठिगळ तयार असूनही ते लागत का नाही? १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषाचा पॅच दिला. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, त्याच दोषातून ‘वॉनाक्राय’ ब्रिटनच्या रुग्णालयांत शिरला. तांत्रिकदृष्ट्या तो खंडणीखोर विषाणू. सेवा अडवणे हा त्याचा परिणाम. खाटेवरच्या माणसाला हा फरक कळण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ना फटका बसला, पाच ठिकाणी तातडीचे रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले आणि रद्द झालेल्या भेटींचा सरकारी अंदाज १९,००० च्या वर गेला. दोष जुनाट विंडोज एक्सपीचा, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. प्रत्यक्षात बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ वर चालणारे होते. पॅच उपलब्ध होता, तो लावलेला नव्हता.

याला निव्वळ आळस म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे. एमआरआयचे यंत्र दोन तास बंद ठेवायचे तर रांगेतल्या रुग्णांना काय सांगायचे? उत्पादकाला न विचारता पॅच लावला तर देखभालीचा करार धोक्यात येण्याची भीती असते. प्रत्येक पॅचसाठी नव्याने मंजुरी लागते असा समजही पसरलेला आहे. अमेरिकेच्या प्रशासनाने तो चुकीचा असल्याचे अनेकदा सांगितले आहे. शिवाय औषधाप्रमाणे पॅचलाही दुष्परिणाम असतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. कंपनीने दीड तासाच्या आत चूक मागे घेतली, पण थांबलेले संगणक बरेचसे एकेक करून हातानेच सुरू करावे लागले. नवे औषध आधी मोजक्या रुग्णांना देऊन पाहतात, तसा पॅच आधी मोजक्या यंत्रांवर लावून पाहणे हाच यातला शहाणा मार्ग.

धोका आणि फायदा किती बारकाईने तोलावा लागतो, हे २०१७ च्या पेसमेकर प्रकरणात दिसले. अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरमध्ये असा दोष आढळला की जवळ येऊन कोणी बॅटरी झपाट्याने संपवू शकेल किंवा ठोके बिघडवू शकेल. असा हल्ला कोणावर झालेला नव्हता. शस्त्रक्रिया करून यंत्र बदलणे हा उपचार रोगापेक्षा घातक ठरला असता. म्हणून प्रशासनाने तसे न करण्याचा सल्ला दिला. त्याऐवजी रुग्णाने दवाखान्यात यायचे, आणि त्वचेवरूनच सॉफ्टवेअर बदलायचे. वेळ साधारण तीन मिनिटे. तेवढ्या काळात पेसमेकर राखीव पद्धतीवर जातो आणि मिनिटाला ६७ ठोके देत राहतो. यंत्र पूर्ण निकामी होण्याची शक्यता ०.००३ टक्के धरली होती. आकडा नगण्य वाटतो. पण सगळ्यांनी अपडेट घेतले तर तो चौदाच्या आसपास माणसे होतो. म्हणूनच ज्यांचे हृदय पूर्णपणे पेसमेकरच्या भरवशावर आहे, त्यांचे अपडेट तात्पुरता पेसमेकर बसवण्याची सोय असलेल्या ठिकाणी करावे, असे सुचवले गेले. घरबसल्या, दुरून अपडेट करण्याची सोय मुद्दाम दिली नाही.

मार्च २०२३ पासून अमेरिकेत नव्या वैद्यकीय यंत्रासाठी मंजुरी मागताना त्यात कोणकोणते सॉफ्टवेअर घटक आहेत याची यादी आणि पॅच कसे देणार याची योजना कायद्याने द्यावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावर घटक छापतात, तसेच हे. आपल्याकडच्या खरेदी समित्यांनी निविदेत ही दोन कागदपत्रे मागितली तर जास्तीचा खर्च फारसा नाही. किंमत, वॉरंटी आणि सुटे भाग यांवर तासन्‌तास चर्चा होते. पॅच किती वर्षे मिळेल हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे बरेच दिवस हाताने करावी लागली. तिथे उपयोगी पडला तो कागद. म्हणून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा डायलिसिसच्या रुग्णांनी शेवटचे डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची मात्रेसह यादी आणि न सोसणाऱ्या औषधांची नावे छापील स्वरूपात एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवावीत. पेसमेकर असलेल्यांनी यंत्राचे ओळखपत्र सतत जवळ बाळगावे, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी यंत्राला काही अपडेट आले आहे का, हे तंत्रज्ञाला विचारावे.