तिचं दुःख मोजायचं कुणी?

पोलंडचा सिनेमा म्हटलं की वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. भाषा कळत नाही, नावं तर धड उच्चारताही येत नाहीत. लेकीनं लावून दिला म्हणून यान कोमासा यांचा २०१९ सालचा ‘कॉर्पस क्रिस्ती’ बघायला बसले, खालच्या इंग्रजी ओळी वाचत. आणि शेवटपर्यंत जागची हलले नाही!

गोष्ट डॅनियलची. सुधारगृहातून सुटलेला विशीतला पोरगा. त्याला धर्मगुरू व्हायचंय, पण गुन्ह्याची नोंद आडवी येते. लाकडाच्या वखारीत कामासाठी म्हणून तो एका लहानशा गावात येतो आणि चक्क पाद्री म्हणून वावरायला लागतो. या तोतया पाद्र्यासमोर गावाची जखम उघडी पडते. दोन मोटारींच्या टकरीत गावातली सहा तरुण मुलं गेलेली. दुसऱ्या गाडीचा चालकही गेला. मुलांचे फोटो मांडून गाव प्रार्थना करतं. चालकाला मात्र गावाच्या दफनभूमीतही जागा नाही. तो प्यायलेला होता, असं गावानं ठरवूनच टाकलंय.

माझा जीव अडकला तो त्याच्या बायकोत, एवामध्ये. नवरा गेला, वर शिव्याशापांची पत्रं. लिहिणारे कोण? गावातलेच! दुसरीकडे लिडिया. तिचा मुलगा त्याच अपघातात गेलाय. तिचा संतापही पटतो. दोघींचं दुःख एकाच दिवसाचं. पण एकीला रडायची मुभा, दुसरीला तीही नाही.

मग २०२० सालचा ‘आय नेव्हर क्राय’ पाहिला, पिओत्र डोमालेव्स्की यांचा. २००४ मध्ये पोलंड युरोपीय महासंघात गेल्यावर तिथली कितीतरी माणसं कामासाठी आयर्लंडला गेली. घरी पैसे येतात, माणूस येत नाही. सतरा वर्षांच्या ओलाचे वडील तिकडेच कामावर अपघातात जातात. आईला इंग्रजी येत नाही, घरी अपंग भाऊ. त्यामुळे पार्थिव आणायला ओलालाच जावं लागतं. तिच्या डोक्यात मात्र वडिलांनी गाडीसाठी कबूल केलेले पैसे! आधी रागच येतो पोरीचा. हळूहळू कळतं, जो बाप तिला नीट भेटलाच नाही, त्यालाच ती शोधतेय.

खरं सांगू? मला एवा काही सोडेना. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जीप उलटली होती. गेलेल्या प्रवाशांच्या घरी मी भेटून आले. चालकाच्या बायकोकडे गेले नाही. चूक कुणाची, हे तेव्हा ठरलंही नव्हतं. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

परवा गेले. तिनं चहा टाकला. बराच वेळ दोघीही गप्प. मग म्हणाली, “बरं झालं आलात, ताई.”

‘फार उशिरा आलात’ असं ती म्हणाली नाही. मला मात्र तेच ऐकू आलं.