रंग नवा, घर जुनं: विसार देण्याआधी एवढं पाहा

"स्वतंत्र घर, वर-खाली चार खोल्या, पूर्ण नूतनीकरण, संमिश्र वस्ती, मशीद पाच मिनिटांवर." पुण्यात नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ किंवा कॅम्प भागातली अशी जाहिरात मोबाइलवर आली की आपल्या घरात लगेच बोलणं सुरू होतं. मुलांच्या शाळा जवळ, बाजार जवळ, शेजारी सगळ्या समाजांचे. कॅम्पात तर मशीद, देऊळ, चर्च, पारशी अग्यारी आणि ज्यूंचं लाल देऊळ असं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी मुलं वाढावीत असं कुणाला वाटणार नाही?

पण आपल्या लोकांची एक अडचण आहे. नाव ऐकून "घर दिलं गेलंय" म्हणणारे मालक आपल्यापैकी अनेकांना भेटलेले असतात. म्हणून मिश्र वस्तीत कुणी घर विकायला तयार झालं की हातचं जाईल या भीतीनं आपण घाईत विसार देऊन मोकळे होतो. कागद नंतर बघू म्हणतो. आयुष्यभराची कमाई अडकते ती याच घाईत.

भिंतीतली ओल

सहीह मुस्लिममधली एक हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. नबी करीम सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना आत ओल लागली. पावसानं भिजलं, असं विकणाऱ्यानं सांगितलं. मग भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विचारलं आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं.

नूतनीकरण केलेल्या घराला हा प्रसंग जसाच्या तसा लागू होतो. वर नवा रंग, आत जुनी ओल. म्हणून घर एकदा तरी पावसात किंवा मोठा पाऊस झाल्यावर पाहा. नव्या पीओपी छताच्या वर काय आहे ते विचारा. टाइल्सवर नाण्यानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. स्विच नवे असले तरी भिंतीतली वायर जुनीच असू शकते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या भिंतींवर नवा स्लॅब टाकून मजला चढवला असेल किंवा हॉल मोठा करायला मधली भिंत काढली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

रंग, प्लास्टर, फरशी ही साधी दुरुस्ती झाली. वाढवलेला मजला किंवा खोली ही वेगळी गोष्ट, तिला परवानगी लागते. मंजूर नकाशा मागा आणि घर त्याच्याशी जुळतं का ते पाहा.

कागदातली ओल

पेठांमधल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हे कार्यालयातून काढा आणि वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. घरावर बँकेचा बोजा, कोर्टातला दावा किंवा जुना भाडेकरू आहे का, हे त्याच वेळी विचारा. कॅन्टोन्मेंट हद्दीत गोष्ट वेगळी आहे. तिथल्या अनेक जुन्या मालमत्ता 'ओल्ड ग्रँट'च्या आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि माणसाच्या मालकीचं फक्त वरचं बांधकाम. तिथे जनरल लँड रजिस्टरचा उतारा पाहावा लागतो. मशिदीला, दर्ग्याला किंवा कब्रस्तानला लागून घर असेल, तर ती जागा वक्फची नाही ना याची खात्री करा. वक्फची मालमत्ता अशी विकता येत नाही.

आता आपल्या समाजात सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा. घर अब्बांच्या नावावर होतं, ते वारले, कार्डावर मोठ्या भावाचं नाव लागलं आणि तोच विकतोय. नोंदीत नाव लागलं म्हणून तो एकटा मालक होत नाही. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे माणूस वारला त्याच क्षणी सगळ्या वारसांचे हिस्से ठरतात.

समजा, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे आहेत, आई-वडील आधीच वारलेत आणि कर्ज वगैरे फिटलेलं आहे. घराचे 40 भाग धरले तर पत्नीचे 5, प्रत्येक मुलाचे 14 आणि मुलीचे 7. घर 80 लाखांचं असेल तर अम्मीचे 10 लाख, एकेका भावाचे 28 लाख आणि बहिणीचे 14 लाख. एकट्या भावानं खरेदीखत करून दिलं तर तुम्हाला त्याचा 14 भागांचा हिस्साच मिळतो. उरलेले 26 भाग तुमचे होत नाहीत, पैसे पूर्ण दिले असले तरी.

"बहिणीचं लग्न झालंय, ती काही मागत नाही," हे उत्तर ऐकून घेऊ नका. तिनं मागितलं नाही म्हणून हक्क संपत नाही. तिची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. तिच्याशी स्वतः बोला. तिला तिचा हिस्सा मिळतोय का, हेही विचारा. ज्या घरात आपण नमाज पढणार, ते कुणाचा हक्क दाबून घेतलेलं नसावं.

आणखी तीन गोष्टी:

- हिबा: "अब्बांनी हयातीत मला दिलं होतं" असं सांगितलं तर देणं, स्वीकारणं आणि ताबा या तिन्हींचा पुरावा मागा.
- वसीयत: ती एक तृतीयांशापुरतीच चालते. वारसाच्या नावे केली असेल तर सुन्नी कायद्यात बाकी वारसांची संमती लागते.
- अल्पवयीन वारस: मुलांच्या हिश्शासाठी आईची सही पुरत नाही. आपल्या कायद्यात आई मुलांच्या स्थावर मालमत्तेची पालक आपोआप ठरत नाही, म्हणून कोर्टाची परवानगी पाहा.

खर्चाचा हिशेब

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून 7 टक्के आहे. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे 80 लाखांच्या घरात 80 हजार वाचतात. मात्र घर तिच्या नावे केलं की ते खरोखर तिचंच झालं, हे घरात सगळ्यांनी समजून घ्यावं. नोंदणी फी जास्तीत जास्त 30 हजार. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे.

घराआधी शेजारी

अशी अरबीत जुनी म्हणच आहे. विसार देण्याआधी एका संध्याकाळी एजंटला न घेता गल्लीत जा. समोरच्या काकूंशी, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोला. पाणी किती वाजता येतं, पावसात गटार तुंबतं का, सामाईक भिंतीवरून भांडण आहे का, गाडी कुठे लावायची, हे सगळं खरं कळतं ते त्यांच्याकडूनच. आपण कोण, घरात किती माणसं, हेही मोकळेपणानं सांगा. उद्या ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जाणार आहे आणि दिवाळीचं ताट आपल्याकडे येणार आहे, तर ओळख आधीच झालेली बरी.

आणि आपणच घर विकत असू, तर ओल कुठे येते ते गिऱ्हाईकाला स्वतःहून दाखवा. घेणारा कुठल्याही समाजाचा असो.

सगळे वारस भेटले, कागद वकिलानं पाहिले, भिंती इंजिनिअरनं पाहिल्या, की मग विसार द्या. तोही रोख नको, बँकेतून द्या आणि पावतीवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एवढ्यासाठी पंधरा-वीस दिवस थांबायला मालक तयार नसेल, तर तो का थांबत नाही हे आधी शोधा.