अकोल्याच्या उन्हात गाडीची समोरचीच काच का तडकते?

मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने चक्क उन्हामुळे कलम 144 लागू केलं. देशभरात त्याची बातमी झाली. वऱ्हाडातल्या लोकांना मात्र त्या उन्हाचं फारसं अप्रूप नव्हतं. तिथल्या गाडीवाल्यांना उन्हाळ्यातला आणखी एक प्रकारही चांगलाच ठाऊक असतो.

गाडी दुपारभर उन्हात उभी असते. मालक येतो आणि एसी फुल करून गार वारा थेट समोरच्या काचेवर सोडतो. नाहीतर धूळ धुवायला बादलीभर गार पाणी मारतो. त्या काचेवर कधीतरी ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याचा एवढासा टिपका पडलेला असतो. 'टक्' असा आवाज येतो आणि त्या टिपक्यातून हातभर लांब तडा जातो.

बाजूच्या काचांवरही तेच ऊन होतं आणि तेच पाणी पडलं होतं. त्यांना काहीच होत नाही. गंमत म्हणजे त्या काचा इतक्या दणकट झाल्या त्या एकदम थंड केल्यामुळेच. मग एकदम थंड केल्यावर काच तडकते की मजबूत होते? दोन्ही होतं. काच थंड व्हायला लागली तेव्हा ती मऊ होती की कडक, यावर सगळं ठरतं.

आधी तडकण्याचं बघू.

काच तापली की प्रसरण पावते, पण फार थोडी. 1 मीटर लांबीची साधी काच 100 अंशांनी तापवली तर जेमतेम 0.9 मिलिमीटर वाढते. अडचण अशी की काचेतून उष्णता सावकाश जाते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की वरचा थर लगेच आकसायला बघतो, आतली काच मात्र अजून गरम आणि फुगलेलीच असते. ती वरच्या थराला आकसू देत नाही. त्यामुळे वरचा थर चारी बाजूंनी ओढला जातो.

ही ओढच काचेला सोसत नाही. काचेवर दाब कितीही द्या, ती तग धरते. ओढलं की मात्र फाटते. इंग्लंडमधले इंजिनिअर ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 मध्ये याचं कारण मांडलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. काच ओढली गेली की सगळा ताण त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो, चीर उघडते आणि पुढे सरकत जाते. गाडीच्या काचेवरचा खड्याचा टिपका म्हणजे अशीच एक चीर, फक्त डोळ्यांना दिसेल एवढी मोठी.

जुन्या माणसांनी हे कंदिलाच्या काचेवर पाहिलेलं आहे. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा एखादा थेंब पडला की काच गेलीच. चहाच्या टपरीवर जाड बुडाचा ग्लास उकळता चहा ओतल्यावर तडकतो, तिथे हेच उलट्या बाजूने होतं. आतला थर फुगतो आणि बाहेरचा ओढला जातो. अशा वेळी पातळ ग्लास वाचतो, कारण त्यात आत-बाहेरचं तापमान पटकन सारखं होतं. काच जाड म्हणजे मजबूत, हा समज चहाच्या बाबतीत खोटा ठरतो. बोरोसिलिकेट काचेची भांडी टिकतात त्याचं कारण वेगळं आहे. ती काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे ओढही तेवढी कमी पडते.

मग एकदम थंड करून मजबूत कशी करतात?

साधी काच साधारण 550 अंशांच्या वर गेली की हळूहळू मऊ व्हायला लागते. कारखान्यात ती 620 ते 650 अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गार हवेचे जोरदार झोत सोडतात. काही सेकंदांतच बाहेरचे थर थंड होऊन कडक होतात. आतली काच अजून मऊ असल्यामुळे ती बाहेरच्या थरांना अडवत नाही, त्यांच्याबरोबर जुळवून घेते.

खरी गोष्ट त्यानंतर घडते. आतला भाग सावकाश थंड होतो आणि आकसायला लागतो, पण आता बाहेरचं कवच कडक झालेलं असतं. आतली काच त्या कवचाला आत खेचत राहते. परिणामी बाहेरचे थर कायमचे दाबले जातात आणि मधला भाग कायमचा ओढलेला राहतो. प्रत्येक बाजूचा दाबलेला थर काचेच्या जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो.

आता या काचेवर दगड आपटला किंवा गार पाणी पडलं तर पृष्ठभागावर ओढ येईल, पण आधी तिला तिथला साठलेला दाब संपवावा लागेल. तोवर चिरा मिटलेल्याच राहतात. म्हणून ही टफन्ड काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट भार घेते. साधी काच साधारण 40 अंशांच्या फरकाला तडकू शकते, टफन्ड काच 200 अंशांपर्यंतचा फरक सोसते. अकोल्याचं ऊन आणि बादलीभर पाणी तिच्यापुढे काहीच नाही.

गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा अशा असतात. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन पातळ काचा आणि मध्ये प्लास्टिकचा चिवट पडदा. या दोन काचा टफन्ड नसतात, आणि ते मुद्दाम. टफन्ड काच फुटली की अख्ख्या काचेचा एका क्षणात चुरा होतो. समोरच्या काचेचं तसं झालं तर चालत्या गाडीत ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसणार नाही. लॅमिनेटेड काच तडकली तरी जागच्या जागी राहते. उन्हात तापलेल्या गाडीत एसीचा झोत सुरुवातीला काचेवर नको, पायाकडे किंवा अंगावर घ्यावा. खड्याचा टिपका लहान असतानाच भरून घ्यावा. आणि गाडी धुवायची तर सावलीत लावून, काच निवल्यावर.

टफन्ड काचेचा चुरा का होतो, याचं उत्तर सतराव्या शतकातल्या एका खेळण्यात दिसतं. वितळलेल्या काचेचा थेंब गार पाण्यात टाकला की लांब शेपटीचा थेंब तयार होतो. प्रिन्स रूपर्ट यांनी 1660 च्या सुमारास तो इंग्लंडच्या राजदरबारात आणला, म्हणून त्याला रूपर्टचा थेंब म्हणतात. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो सहसा फुटत नाही. शेपटीचं टोक बोटांनी मोडलं की मात्र अख्ख्या थेंबाची पूड होते. सोशल मीडियावर त्याचे स्लो मोशन व्हिडिओ भरपूर फिरतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात थेंबाच्या डोक्यावर सुमारे 700 मेगापास्कल दाब मोजला गेला. कारखान्यातल्या टफन्ड काचेवर तो साधारण 70 ते 100 मेगापास्कल असतो. चीर एकदा दाबलेला थर ओलांडून ओढलेल्या भागात शिरली की तिला थांबवणारं काही उरत नाही. ती सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते, फाटे फोडत जाते आणि हरभऱ्याएवढे तुकडे होतात. याच कारणाने टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप आधी घ्यायचं, भट्टीत नंतर घालायची.

घरातलं काचेचं टेबल किंवा बाथरूमचा दरवाजा कुणी हात न लावता फुटला, असे व्हिडिओ येतात. ते खोटे असतीलच असं नाही. कधी कडेला आधीच टवका उडालेला असतो. कधी काच बनवताना आत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असतो. एकदम थंड केल्यामुळे तो कण त्याच्या गरम अवस्थेतल्या रचनेतच अडकून राहतो. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी तो मूळ रचनेत येतो आणि थोडा फुगतो. तो नेमका ओढलेल्या मधल्या भागात असेल तर तेवढं पुरतं. भूतबाधेची गरज नाही.

मोबाइलवर लावतात ती 'टेम्पर्ड ग्लास' मात्र हवेने थंड केलेली नसते. इतक्या पातळ काचेत आत-बाहेरचा फरक टिकतच नाही. चांगल्या प्रतीची काच पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या, सुमारे 400 अंश तापलेल्या द्रवात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन निघून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात आणि पृष्ठभाग दाबला जातो. रस्ता वेगळा, पण मुक्काम तोच.

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला सिडकोने बांधायला घेतलेल्या 407 मीटरच्या स्कायवॉकमुळे 'काचेवर चालायचं, ती फुटली तर?' हा प्रश्न अनेकांना पडला. काचेच्या अशा मजल्यांवर एका काचेवर कधीच भिस्त नसते. साधारणपणे मजबूत केलेल्या काचांचे अनेक थर चिवट पडद्यांनी एकत्र चिकटवतात. वरचा थर फुटला तरी खालचे थर भार घेतात आणि तुकडे पडद्याला चिकटून राहतात.

आता वऱ्हाडानेच भोगलेली एक गोष्ट. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दारातून बाहेर पडता येईना. जे थोडे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले होते.

टफन्ड काचेवर हाताने किंवा बॅगने मधोमध धडका मारून सहसा काही होत नाही, कारण जोर अख्ख्या काचेवर पसरतो आणि दाबलेला थर तो पचवतो. टोकदार, कडक पोलादी वस्तू हवी. बसमध्ये खिडकीजवळ लाल हातोडी असते ती त्यासाठीच. तिचं बारीक टोक दाबलेल्या थराच्या पलीकडे पोचलं की बाकीचं काम काचेत साठलेला ताण स्वतःच करतो. घाव मध्यभागी न घालता कोपऱ्याजवळ घालावा. तिथे काच चौकटीत घट्ट असते, कमी लवते, त्यामुळे घाव वाया जात नाही.

समोरच्या लॅमिनेटेड काचेवर ही हातोडी चालत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये अशी 6 साधनं तपासली. त्यांतल्या 4 साधनांनी टफन्ड काच फुटली, लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. आवाज कमी यावा म्हणून हल्ली काही नव्या गाड्यांना बाजूलाही लॅमिनेटेड काचा असतात. आपल्या गाडीला कुठे कोणती काच आहे ते काचेच्या कोपऱ्यातल्या छोट्या शिक्क्यावरून सहसा कळतं. तिथे टफन्ड, टेम्पर्ड किंवा लॅमिनेटेड असं लिहिलेलं असतं. बसमध्ये बसल्यावर हातोडी जागेवर आहे का तेही बघून घ्यावं, कारण बऱ्याचदा तिथे नुसता रिकामा हूक असतो.