खुरपं नव्हे, रापी! : बिननावाचं जुनं हत्यार कसं ओळखावं?



परिसर अभ्यासाच्या निमित्ताने आपण शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवतो. जातं, पाटा-वरवंटा, कंदील, मापटं अशा वस्तू मुलं हौसेने आणतात. आमच्याकडे पाचवीतल्या एका मुलाने फडक्यात गुंडाळून एक लोखंडी वस्तू आणली. रुंद पातं, आखूड मान, लाकडी मूठ. कुठे नाव नाही, शिक्का नाही. मी घाईत होते. एक नजर टाकली आणि चिठ्ठी लिहून टाकली : "खुरपे. शेतीचे अवजार." मुलगा काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी प्रदर्शन बघायला आली. चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि म्हणाली, "बाई, हे खुरपं न्हवं. रापी हाय ही. चामडं तासायची."

मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, मग काल सांगितलं का नाहीस?" त्याने मान खाली घातली आणि हळूच वर्गाकडे बघितलं. मला कळायचं ते कळलं. हत्याराचं नाव सांगितलं असतं, तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, "म्हणजे तुम्ही कोण?" माझ्या चुकीच्या चिठ्ठीआड तो निवांत लपला होता. त्या दिवसापासून मी ठरवलं, की एखादी वस्तू नीट बघितल्याशिवाय तिला नाव द्यायचं नाही. त्यासाठी काय बघायचं, ते आज सांगते.

१. धार कुठे आहे?

हा पहिला आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न. विळ्याची धार पात्याच्या लांबीला असते. खुरप्याचं पातं मुठीशी वाकलेलं असतं, कारण बसून माती उकरायची आणि तण कापायचं असतं. रापीचं पातं मात्र मुठीच्या सरळ रेषेत पुढे जातं आणि टोकाशी रुंद होतं. धार या रुंद टोकाला, आडवी असते. ती सरळ किंवा किंचित गोलसर असते. सुताराची पटाशीही अशीच पुढून कापते, पण तिचं पातं अरुंद आणि जाड असतं. रंगाऱ्याची लांबी भरायची पट्टी दिसायला जवळची वाटेल, पण ती पातळ असते, लवते आणि तिला खरी धार नसते.

२. धारेचा उतार कसा आहे?

पातं आडवं धरून बाजूने बघा. भाजी चिरायच्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. चामडं तासायच्या हत्याराला बऱ्याचदा एकाच बाजूने उतार असतो आणि दुसरी बाजू सपाट असते. याला कारण आहे. दोन चामडी एकावर एक ठेवून शिवली, तर जोडाच्या जागी जाड उंचवटा येतो. चपलेत तो पायाला टोचणार. म्हणून कारागीर चामड्याची कड आधी तासून पातळ करतो. चामडं दगडी फरशीवर ठेवायचं, एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने पातं तिरपं ठेवून पुढे ढकलायचं. एका बाजूच्या उतारामुळे पातं चामड्यावर जवळजवळ आडवं टेकवता येतं आणि खोल न घुसता पातळ पापुद्रा काढता येतो.

३. झीज काय सांगते?

मातीत चालणाऱ्या अवजारावर वाळूचे ओरखडे असतात. दगड लागून धारेला खाचा पडतात, कोपरे बोथट होतात. चामड्यावर चालणारं पातं तुलनेने गुळगुळीत राहतं. ते दगडावर पुन्हा पुन्हा घासून धार लावलेलं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं आखूड होत जातं. पातं मानेपर्यंत झिजलेलं असेल, तर समजा त्याने भरपूर काम केलंय. मूठही बघा. अंगठा टेकायच्या जागी खळगा पडलेला असतो. आमच्या रापीच्या मुठीवर तो स्पष्ट दिसत होता.

४. शिक्का का नाही?

कारखान्यात बनलेल्या हत्यारावर मुठीजवळ बहुधा बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात जॉर्ज बार्न्सली या कंपनीने १८३६ पासून चांभारकामाची हत्यारं बनवली, ती नावानिशी ओळखली जातात. आपल्या गावचा लोहार शिक्का कशाला मारेल? गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचंच. तो बऱ्याचदा झिजलेली कानस किंवा गाडीचा जुना पाटा तापवून, ठोकून हत्यार घडवायचा आणि धारेला पाणी द्यायचा. पात्यावर बारीक तिरक्या रेषांचे पुसट पट्टे दिसले, तर ते जुन्या कानशीचे दाते असू शकतात. म्हणजे शिक्का नसणं हीसुद्धा एक खूणच आहे. पण त्यावरून वय मात्र सांगता येत नाही. अशी हत्यारं जुन्या काळीही बनत होती आणि आजही बनतात.

५. काळे डाग

कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. या दोन्हींत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. ओलसर चामडं लोखंडाला लागलं, की टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळा रंग तयार होतो. म्हणून अशा पात्यावर तांबूस गंजासोबत काळपट डाग दिसू शकतात. एकट्या डागावरून निकाल देऊ नका, कारण काळेपणा इतर कारणांनीही येतो. वरच्या खुणांसोबत तो जुळला, तरच धरा.

हे वर्गात करून दाखवता येतं. लोखंडी खिळे एक दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी हिरड्याच्या पुडीचं गाळलेलं पाणी किंवा बिनदुधाचा कडक चहा घ्या आणि त्यात त्या व्हिनेगरचे चार थेंब टाका. पाणी बघता बघता काळं होतं. पूर्वी अशीच शाई करत. मुलं हे कधीच विसरत नाहीत. (हे पाणी चाखायचं नाही, हे आधीच बजावा.)

६. जाणकाराला दाखवा

नाक्यावर चपला शिवणाऱ्या काकांना फोटो दाखवा, किंवा वस्तूच घेऊन जा. ते एका नजरेत सांगतील आणि कशी धरायची तेही दाखवतील. आपली सगळी तपासणी एकीकडे आणि त्यांचा हात एकीकडे.

सांभाळायचं कसं?

उत्साहाच्या भरात लिंबू, चिंच, पॉलिश पेपर लावून वस्तू चकचकीत करू नका. घासण्यात झिजेच्या आणि डागांच्या खुणाच निघून जातात. कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. धार जाड पुठ्ठ्यात झाका. मुलांच्या हातात उघडं पातं देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

हत्यार कामाबद्दल सांगतं, जातीबद्दल नाही. चामडं कापायला आणि तासायला जगभर हत्यारं लागली. इजिप्तमध्ये रेखमिरे या वजिराच्या सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात चामड्याचं काम करणारे कारागीर रंगवलेले आहेत आणि त्यांच्याकडे अर्धचंद्राच्या आकाराचा सुरा दिसतो. तशा आकाराचा सुरा खोगीर बनवणारे कारागीर आजही वापरतात. आपल्याकडे विहिरीवरची मोट, पाण्याची पखाल, बैलांचा आसूड, पायातली वहाण हे सगळं चामड्याचंच होतं. म्हणजे शेतकऱ्याचं ओलीतसुद्धा या कामावर अवलंबून होतं. हे वर्गात आधी सांगितलं असतं, तर त्या मुलाला गप्प बसावं लागलं नसतं.

म्हणून आता सगळ्यांसमोर "तुझे आजोबा काय करायचे?" असं मी विचारत नाही. "याने काय करतात, दाखवशील का?" असं विचारते. चिठ्ठीवर घरच्यांचं नाव लिहायचं की नाही, तेही घरी विचारूनच ठरवते.

चिठ्ठीचे तीन भाग करते : काय दिसलं, कुणी काय सांगितलं, आपला अंदाज काय. आमची नवी चिठ्ठी त्या मुलानेच लिहिली :

"रापी. पुढच्या टोकाला धार. एका बाजूने उतार. मुठीवर अंगठ्याचा खळगा. आजीने सांगितले : याने चामड्याची कड पातळ करतात. आमचा अंदाज : गावच्या लोहाराने बनवली असावी."

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. ही बातमी मी फळ्यावर लिहिली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे ती चप्पल अशाच रापीने करतात?" मी उत्तर द्यायच्या आत तोच मुलगा उठला. एक वही फरशी म्हणून ठेवली, पट्टी रापी म्हणून धरली आणि अंगठा कुठे टेकवायचा ते सगळ्यांना दाखवलं.

तुमच्या शाळेच्या कपाटातही अशा चिठ्ठ्या असतील. या आठवड्यात एकदा काढून बघा. एखादं खुरपं खरंच खुरपं आहे का?