दोघांची बेरीज शंभरावर

शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातून जोडपी ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. फडात दोघंही राबतात, पण पहाटेची चूल आणि पाणी तिच्याच वाट्याला. ते कुठल्याच वहीत चढत नाही.

‘त्याला माझी किंमतच नाही’ ही तक्रार फ्लॅटमध्येही ऐकू येते. यात मेंदूचाही थोडा हात असावा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. इशाऱ्यामागोमाग ठरल्याप्रमाणे रस मिळू लागला, की रसावर प्रतिक्रिया उरत नसे. तो चुकला तर मात्र पेशी मंदावत. रोजच्या चहाचं तेच. आला तर कोण दखल घेतं?

१९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी कॅनडातल्या जोडप्यांना वेगवेगळं विचारलं, घरच्या कामांत तुमचा वाटा किती? बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं बोलायची गरज नव्हती. आपण घासलेली कढई आठवते, दुसऱ्याने घासलेली नाही.

मात्र हा दाखला देऊन कुणी बायकोला गप्प करू नये. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८.